'हेल्दी' रांगेतला माल नक्की कोण निवडतं?

राजेंद्रनगरची_वहिनी (धागाकर्ती)

इंदुरात एबी रोडवरच्या एका मोठ्या सुपरमार्केटात हल्ली एक वेगळी रांग केली आहे. वर हिरवी पाटी, पाटीवर पान, लाकडासारखी दिसणारी शेल्फं आणि बाकीच्या दुकानापेक्षा जरा पिवळसर दिवे. इतर रांगांना 'बिस्किटं', 'नमकीन', 'पेयं' अशी साधी नावं आहेत. हिचं नाव 'गुड फॉर यू'. म्हणजे उरलेलं दुकान कुणासाठी, हे विचारायचा मोह झाला होता, पण असो.

सासऱ्यांना मधुमेह आहे, मुलाला क्रिकेटच्या कोचनं 'प्रोटीन वाढव' म्हणून सांगितलंय, त्यामुळे या रांगेत माझी फेरी होतेच. परवा मात्र काहीही न घेता नुसती पाकिटं उलटी करून वाचत उभी राहिले. तिथली मुलगी 'मॅम, कुछ हेल्प?' विचारून गेली, मग लांबून लक्ष ठेवून होती.

काय दिसलं ते सांगते. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही, सगळ्यांचं थोड्याफार फरकानं सारखंच आहे.

ओट्सचं बिस्कीट. समोर ओट्सच्या लोंब्या आणि दुधाची धार. मागे पहिला घटक मैदा, मग साखर, मग पाम तेल. ओट्सचा टक्का एक आकडी. मल्टिग्रेन ब्रेडचं तेच, पहिला घटक मैदा, आणि तो तपकिरी रंग धान्याचा नसून 'आयएनएस १५०', म्हणजे कॅरमेलचा. नाचणीच्या नूडल्समध्ये अर्ध्याहून जास्त मैदा. भाजलेल्या चिवड्यात चरबी तळलेल्यापेक्षा खरोखरच कमी, पण मीठ शेजारच्या साध्या चिवड्याहून जास्त. गुळाच्या कुकीजवर 'रिफाइंड साखर नाही', आणि आत गूळ इतका की साखर परवडली.

त्याच शेल्फवर बदाम, मखाणे, फुटाणे आणि जवसही होते. त्यांच्याबद्दल काही म्हणणं नाही. पण ते शेजारी ठेवले म्हणून बिस्किटालाही तोच मान मिळतो, हे डोळ्यांदेखत दिसत होतं.

इतकं वाचून मला कुठेही धडधडीत खोटं वाक्य सापडलं नाही, आणि तेच जास्त खटकतंय. तर प्रश्न असा: या रांगेत काय ठेवायचं हे ठरवतं कोण? कुणी आहारतज्ज्ञ असतो का तिथे? की पान छापलेलं असलं की झालं?

---

भिया_छप्पनवाले

वहिनी, सकाळी पोह्यांवर मूठभर शेव, वर जिलबी, दुपारी दाल-बाफल्यावर तुपाची धार, रात्री सराफ्यात भुट्ट्याचा कीस आणि गराडू. आणि त्या बिचाऱ्या बिस्किटाच्या मैद्यावर धागा? इंदुरात राहून असले प्रश्न विचारायला परवानगी लागते भिया.

---

राजेंद्रनगरची_वहिनी

जिलबी स्वतःला हेल्दी म्हणवत नाही. माझं भांडण जिलबीशी नाहीच.

---

जुना_काउंटर

मी बरीच वर्षं रिटेलमध्ये काढली, त्यातली काही इथेच विजयनगरकडे. आता त्या धंद्यात नाही, म्हणून मोकळेपणानं लिहितो.

वहिनी, आहारतज्ज्ञ कुणी नसतो. मी तरी पाहिला नाही. कुठल्या शेल्फवर काय, किती रुंदीत, कुठल्या उंचीवर, याचा नकाशा ठरलेला असतो, त्याला प्लॅनोग्राम म्हणतात. तो विक्री आणि मार्जिन बघून बनतो. वर कंपन्या जागेचे पैसे देतात. रांगेच्या टोकाचं शेल्फ, म्हणजे एंड कॅप, सगळ्यात महाग. त्याखालोखाल डोळ्यांच्या उंचीची जागा. लहान मुलांच्या मालासाठी 'डोळ्यांची उंची' मुलाच्या उंचीवरून मोजतात, हे तुम्ही कॉर्नफ्लेक्सच्या रांगेत वाकून बघितलंत तर लगेच कळेल. पैसे न देणारा माल गुडघ्याखाली. फुटाणे आणि सातू तुम्हाला बहुतेक तिथेच सापडले असतील.

आता 'हेल्थ' रांगेचं गणित. साध्या पोह्यांत दुकानाला सुटतं काय? किलोमागे किरकोळ. सियागंजातला किराणावालाही तेच विकतो, गिऱ्हाईकाला भाव तोंडपाठ असतो. म्यूसलीचा भाव कुणाला पाठ असतो? कुणालाच नाही. नाचणीचं पीठ विकून जेवढं मिळतं त्याच्या कितीतरी पट नाचणीच्या कुकीज विकून मिळतं, आणि गिऱ्हाईक तो भाव खुशीनं देतं, कारण त्याला वाटतं आपण औषधाचे पैसे वाचवतोय.

दारातून शिरल्याबरोबर फळं-भाज्या का दिसतात, याचाही विचार करा. सोयीचं म्हणाल तर उलट आहे. टोमॅटो आधी घेतले की वर तेलाचे डबे पडून ते चेपतात, भाजी खरं तर शेवटी घ्यायला हवी. पण दारातच हिरवंगार दिसलं की सगळं दुकान ताजं वाटतं. आणि ट्रॉलीत पालक पडला की माणूस पुढच्या रांगांत जरा सैल होतो. चांगलं काहीतरी घेतलंय ना, मग एक चिप्स चालतील. हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये याच शब्दांत सांगत नसत, पण बिलं बघून कळायचं.

माल त्या रांगेत जायचा कसा? कंपनीचा माणूस यायचा, म्हणायचा आमचा नवा माल 'बेटर फॉर यू' कॅटेगरीतला आहे. पाकिटावर काहीतरी 'फ्री' किंवा 'हाय' लिहिलेलं असलं की आमच्याकडून हरकत नसे. मागची बाजू वाचायचं काम कुणाकडेच नव्हतं.

---

आहार_विहार

जुना_काउंटर यांनी दुकानाची बाजू सांगितली, मी कागदाची सांगते. मी आहारतज्ज्ञ आहे, रोज चार-पाच जण तरी पाकीट घेऊन येतात आणि 'हे चालेल का' विचारतात.

पाकिटावर काय म्हणता येतं याचे नियम आहेत, आणि ते अगदी आकड्यांत आहेत. एफएसएसएआयचे, म्हणजे अन्नसुरक्षेच्या केंद्रीय संस्थेचे, जाहिरात आणि दावे यांबद्दलचे नियम २०१८ चे. घट्ट पदार्थात १०० ग्रॅमला ३ ग्रॅमपेक्षा जास्त चरबी नसेल तरच 'लो फॅट'. साखर ५ ग्रॅमच्या आत असेल तर 'लो शुगर', अर्ध्या ग्रॅमच्या आत असेल तर 'शुगर फ्री'. तंतू ३ ग्रॅम असले तर 'सोर्स ऑफ फायबर', ६ असले तर 'हाय फायबर'. म्हणजे हे शब्द कुणी मनानं लिहीत नाही. वहिनींना खोटं सापडलं नाही ते यामुळेच.

गोम अशी की प्रत्येक दावा एकाच घटकाबद्दल असतो. 'हाय फायबर' लिहायला साखर किती आहे हे कुणी विचारत नाही. कोंडा घालून ६ ग्रॅमचा आकडा गाठला की उरलेलं बिस्कीट कसंही असो.

जे पदार्थ शब्दांनी किंवा चित्रांनी समोर मिरवलेत त्यांचा टक्का मागे लिहावा लागतो, हाही नियम आहे. म्हणूनच ओट्सपुढे तो आकडा आला. आणि घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते, जास्त ते आधी. वाचायला एवढं पुरतं: पहिले तीन घटक, आणि चित्रातल्या वस्तूचा टक्का.

आता मला सगळ्यात जास्त चीड येते ती गोष्ट. पोषणाच्या तक्त्यात 'एका सर्व्हिंगमध्ये दिवसभराच्या गरजेच्या इतके टक्के' असा रकाना असतो. तो २००० कॅलरी धरून काढतात, आणि त्यात वरून घातलेल्या साखरेसाठी दिवसाला ५० ग्रॅम धरलेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात मर्यादा साधारण २५ ग्रॅमची आहे. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१५ मध्ये हेच म्हटलं होतं, साखर दिवसभराच्या कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, जमल्यास ५ टक्क्यांच्या. त्यातले सैल १० टक्के म्हणजे ५० ग्रॅम, आणि ५ टक्के म्हणजे २५. पाकिटानं सैल आकडा घेतला.

समजा १०० ग्रॅम बिस्किटात २० ग्रॅम साखर आहे. सर्व्हिंग लिहिलंय २५ ग्रॅम, म्हणजे तीनेक बिस्किटं. साखर झाली ५ ग्रॅम. पाकिटावर येतील १० टक्के. पोषण संस्थेच्या मर्यादेनं बघाल तर तेच २० टक्के. आणि चहाबरोबर तीन बिस्किटांवर थांबणारा माणूस मला दाखवा. म्हणून तो टक्क्यांचा रकाना सोडून '१०० ग्रॅममध्ये' हा रकाना वाचा. दोन पाकिटांची तुलनाही त्यावरूनच होते, कारण सर्व्हिंग प्रत्येक कंपनी वेगळं धरते.

---

लोकमान्यनगर_अप्पा

ताई, एक विचारायचं होतं. माझं वय ७१. शुगर फ्री बिस्किटं आमच्याकडे डब्यानं येतात, कारण मुलगा पुण्याहून ऑनलाइन मागवतो. दोन चहाला चार-चार. आमच्या सौ. म्हणतात खा, शुगर फ्री आहेत. पण जेवणानंतरची साखर काही खाली येत नाही. डॉक्टर म्हणाले 'डाएट बघा'. बिस्किटांत साखर नाहीच तर ती वाढते कशी?

---

आहार_विहार

अप्पा, पाकिटावर साखर शून्य असेल, पण 'कार्बोहायड्रेट' लिहिलेली ओळ बघा. ती ६०-७० च्या आसपास असेल. मैदा म्हणजे स्टार्च, आणि स्टार्चचा पोटात ग्लुकोजच होतो. साखर काढली तरी मैदा आहेच. घटकांत माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासूनच केलेली पूड) दिसलं तर तेही रक्तातली साखर भराभर चढवतं.

गोडीसाठी बहुतेक वेळा माल्टिटॉल असतं, ते पॉलिऑल्स या गटातलं. पाकिटाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं असेल की पॉलिऑल्समुळे जुलाब होऊ शकतात. ती सूचना कायद्यानंच बंधनकारक आहे. पोट बिघडत असेल तर डॉक्टरांना हेही सांगा.

आणि मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेऐवजी कृत्रिम गोडीवर भिस्त ठेवू नये. ज्यांना मधुमेह आधीपासून आहे त्यांच्यासाठी ती शिफारस नव्हती, हे लिहिलंच पाहिजे, नाहीतर लोक अर्धवट वाचून पुढे पाठवतात. तुमच्यासाठी साधं: आठ बिस्किटं बंद करा, मूठभर फुटाणे घ्या, आणि पंधरा दिवसांनी परत तपासा. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हलवू नका.

---

लोकमान्यनगर_अप्पा

फुटाण्यांना दात लागतात हो.

---

आहार_विहार

मग सातू. पाण्यात कालवून, मीठ-जिरं-लिंबू घालून. गूळ नाही.

---

भिया_छप्पनवाले

ताई, तुमचे आकडे वाचून मला एक कल्पना सुचली. हा 'हाय प्रोटीन' लिहायला किती लागतं?

---

आहार_विहार

१०० ग्रॅम घट्ट पदार्थात दिवसभराच्या गरजेच्या किमान २० टक्के. पुरुषाची गरज साधारण ५४ ग्रॅम धरतात, म्हणजे ११ ग्रॅमच्या आसपास.

---

भिया_छप्पनवाले

हाच पाहिजे होता आकडा. बेसनात १०० ग्रॅमला वीसेक ग्रॅम प्रथिनं. तेल-मसाला धरूनही शेवेत ११ च्या वर सहज राहतात. तर मंडळी, सादर आहे लवंग शेवेचं नवीन हिरवं पाकीट:

हाय प्रोटीन. ग्लूटेन नाही. वरून घातलेली साखर नाही. मैदा नाही. कोलेस्टेरॉल शून्य. कृत्रिम रंग नाही. डाळीचा खराखुरा गुण. शंभर टक्के शाकाहारी. समोर हरभऱ्याचं रोप, मागे योगासन करणारी बाई.

वहिनी, यातलं एक तरी खोटं आहे का? उद्याच तुमच्या त्या रांगेत ठेवायला नेतो.

---

राजेंद्रनगरची_वहिनी

अगदी हेच मला म्हणायचं होतं, आणि मी चारशे शब्द घालवले.

---

आहार_विहार

भिया, कोलेस्टेरॉलचा दावा काढा. तो करायचा तर संतृप्त चरबीही ठरलेल्या मर्यादेच्या आत लागते, पामोलिनमध्ये तळलेली शेव त्यात बसणार नाही. बाकीचं पाकीट बहुधा छापता येईल. १०० ग्रॅमला चरबी पस्तीस-चाळीस ग्रॅम असेल ती मागच्या बाजूला बारीक अक्षरांत.

---

सियागंज_गल्ला

आमचं घराणं तीन पिढ्या किराण्यात आहे, आता जरा माझंही ऐका.

कोलेस्टेरॉलवरून आठवलं. माळव्यात सत्तरच्या दशकापासून सोयाबीन पसरलं, आज सोया प्रक्रियावाल्यांच्या देशभरच्या संघटनेचं ऑफिसही इथेच इंदुरात आहे. घरोघरी शेंगदाणा आणि तिळाचं तेल होतं, ते मागे पडून सोया रिफाइंड आलं. ते खपवताना 'कोलेस्टेरॉल नाही' हे किती वर्षं डब्यावर मिरवलं असेल! कोलेस्टेरॉल फक्त प्राण्यांपासूनच्या पदार्थांत असतं, झाडाच्या बियांच्या कुठल्याही तेलात ते नसतंच. शेंगदाण्याच्या तेलातही नव्हतं, पण त्यानं कधी सांगितलं नाही. लोक यायचे आणि विचारायचे, 'वो बिना कोलेस्टेरॉल वाला दो.' वडील हसत हसत द्यायचे.

मग सरकारनं काही शब्दच नावानिशी बंद केले. २०११ च्या लेबलच्या नियमांत खाद्यतेलासाठी अख्खी यादी होती: 'डबल रिफाइंड', 'सुपर रिफाइंड', 'कोलेस्टेरॉल फायटर', 'हृदयाला सुखावणारं' वगैरे लिहायचं नाही. शब्द गेले, तर डब्यावर हृदयाचं चित्र आलं आणि धावणारं जोडपं आलं. चित्राला कोण अडवणार?

पण एक बाजू तुम्ही विसरताय. पाकिटाच्या मागे निदान वाचायला काही असतं. बाजारात कागदात बांधून दिलेल्या शेवेवर काय लिहिलंय? तेल कुठलं, कितव्यांदा तापलेलं? १ जुलै २०१८ पासून नियम आहे की तळणीच्या तेलात टोटल पोलर कम्पाउंड, म्हणजे तेल परत परत तापवून तयार होणारी द्रव्यं, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल फेकायचं. मोठ्या दुकानांत मशीन घेऊन तपासतात. छप्पन दुकान खाऊगल्लीला 'क्लीन स्ट्रीट फूड हब'चा शिक्का मिळालाय, तिथे बरं आहे. गल्लीतल्या कढईचं काय? सुपरमार्केटला शिव्या घालताना खुला माल म्हणजे आपोआप शुद्ध असं समजू नका. 'घरगुती', 'गावरान' आणि 'आजीच्या हातचं' हेही दावेच आहेत, आणि त्यांना तर कुठलाच आकडा लागत नाही.

---

जुना_काउंटर

मान्य. आणि 'गावरान'चं मार्जिन म्यूसलीपेक्षा जास्त आहे, हेही लिहून ठेवतो.

---

ओवीची_आई

माझी मुलगी पाच वर्षांची. दुधात घालायची पावडर आधी हेल्थ ड्रिंकच्या रांगेत असायची, आता त्याच पावडरीवर वेगळंच काहीतरी लिहिलेलं असतं. मध्येच काय बदललं? आणि उलट्या-जुलाबाला म्हणून औषधाच्या दुकानातून जे ओआरएसचं टेट्रापॅक आणायचो तेही एकदम बंद झालं की नाव बदललं? कुणी नीट सांगाल का.

---

एमजीएम_जुनी_बॅच

सांगतो. निवृत्त डॉक्टर आहे, वेळ भरपूर आहे.

पावडरीचं आधी. २०२३ मध्ये रेवंत हिमतसिंगका या तरुणानं बोर्नव्हिटातल्या साखरेवर व्हिडिओ केला, कंपनीनं नोटीस पाठवली, त्यानं व्हिडिओ काढला, आणि काढल्यामुळे तो आणखी लोकांनी बघितला. बालहक्क आयोगानं दखल घेतली. मग एप्रिल २०२४ मध्ये एफएसएसएआय आणि वाणिज्य मंत्रालय दोघांनीही ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं की अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरात दाखवू नका, कारण अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' असा प्रकारच नाही. त्याच महिन्यात हॉर्लिक्सवाल्यांनी आपल्या सदराचं नाव बदलून 'फंक्शनल न्यूट्रिशनल ड्रिंक्स' केलं. लेबल बदललं म्हणजे डब्यातलं बदललंच असं नाही, तेव्हा मागचा तक्ता वाचा.

ओआरएसचं जास्त गंभीर आहे. त्याचं सूत्र जागतिक आरोग्य संघटनेनं ठरवून दिलेलं आहे. लिटरभर पाण्यात ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि सायट्रेट २.९ ग्रॅम. हे प्रमाण असलं तरच आतड्यातून पाणी शरीरात ओढलं जातं. साखर फार झाली की उलट पाणी आतड्यात येतं आणि जुलाब वाढतात. बाजारातल्या फळांच्या चवीच्या पेयांत साखर याच्या कैक पट होती आणि नावात मात्र 'ओआरएस'. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी वर्षानुवर्षं हे लावून धरलं. मधल्या काळात 'हे डब्ल्यूएचओ सूत्र नाही' अशी बारीक सूचना लिहून नाव वापरायला परवानगी होती. १४ ऑक्टोबर २०२५ ला ती मागे घेतली, आता ठरलेलं सूत्र नसेल तर नावात कुठेही ओआरएस लिहिता येत नाही. ओवीसाठी पावडरीची पुडी आणा, तिच्यावर डब्ल्यूएचओ सूत्र लिहिलेलं असतं. लिटरभर पाणी मोजूनच घाला, अंदाजानं नको.

---

ओवीची_आई

आभारी आहे डॉक्टर. पुडी उद्याच आणते. चव तिला आवडणार नाही, पण बघू.

---

मधली_गल्ली

ज्यूसचंही घाला यादीत. जून २०२४ मध्ये एफएसएसएआयनं सांगितलं की घट्ट केलेल्या रसात पाणी मिसळून बनवलेल्या ज्यूसवर '१०० टक्के फळांचा रस' लिहायचं नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'ए२' (ठरावीक प्रकारचं प्रथिन असलेलं म्हणून विकतात ते) दूध-तुपाचे दावे काढा म्हणून आदेश काढला आणि पाचच दिवसांत मागे घेतला. म्हणजे कुठे जोर चालतो आणि कुठे नाही ते बघा.

आणखी एक निरीक्षण. माझी आई शिकलेली आहे, पण तिचं ठाम मत होतं की हिरवा ठिपका म्हणजे सरकारनं तपासलेलं चांगलं अन्न. हिरवा ठिपका म्हणजे फक्त शाकाहारी. साखर आणि पाम तेल, दोन्ही शाकाहारीच. तसाच तो एफएसएसएआयचा शिक्का आणि खालचा चौदा आकडी नंबर, तो कारखान्याच्या परवान्याचा. निकृष्ट बिस्किटावरही असतो, कारण असावाच लागतो. खरोखर काही सांगणारी चिन्हं वेगळी. 'एफ'च्या आधी अधिकचं चिन्ह असेल तर पोषक द्रव्यं वरून घातलेलं, 'जैविक भारत' असेल तर सेंद्रिय. आणि सेंद्रिय साखर ही साखरच.

हिरव्या रंगावर तर अमेरिकेत प्रयोगच झालाय. जोनाथन शुल्ड नावाच्या संशोधकानं २०१३ मध्ये दाखवलं की चॉकलेटच्या वडीवर कॅलरीचं लेबल हिरवं असलं तर लोकांना ती लाल लेबलवालीपेक्षा जास्त आरोग्यदायी वाटते. दोन्हींवर कॅलरी सारख्याच लिहिलेल्या होत्या. वहिनींच्या रांगेतली पाटी हिरवी का, ते यातून कळतं.

---

बडोद्याचा_इंदूरकर

आमच्याकडे खाखऱ्याचं हेच चाललंय. साधा घरचा खाखरा कुणाला विचारत नव्हता, आता 'डाएट खाखरा' म्हणून दुप्पट भावात, आणि चव म्हणाल तर पुठ्ठा.

---

सियागंज_गल्ला

मी म्हणतो एवढं सगळं गिऱ्हाईकानं का वाचायचं? समोरच लिहा ना, जास्त साखर, जास्त मीठ. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या बायका चष्मा घरी विसरून येतात.

---

एमजीएम_जुनी_बॅच

चिलीत २०१६ पासून आहे तसं. समोर काळा अष्टकोन, आत 'साखर जास्त', 'मीठ जास्त'. ज्यावर काळा शिक्का त्यावर कार्टून छापता येत नाही आणि तो माल शाळेत विकता येत नाही. आपल्याकडे २०२२ मध्ये मसुदा आला तो ताऱ्यांचा. अर्ध्या ताऱ्यापासून पाच ताऱ्यांपर्यंत. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सरकारला समोरच्या लेबलचं लवकर ठरवायला सांगितलं, मुदत तीन महिन्यांची दिली होती.

---

आहार_विहार

ताऱ्यांना माझा विरोध आहे, आणि त्याचं कारण भियांच्या शेवेतच आहे. त्या पद्धतीत साखर-मीठ-चरबीचे गुण एकीकडे आणि तंतू-प्रथिनं-फळं यांचे दुसरीकडे धरून वजाबाकी करतात. म्हणजे साखर तशीच ठेवून जरा कोंडा वाढवला की तारा वाढतो. शिवाय सगळ्यात वाईट मालालाही अर्धा तारा मिळतोच, आणि तारा दिसला की आपल्याला शाबासकी वाटते. काळा शिक्का बरा. शिक्षा एकाच गोष्टीची, दुसऱ्या गोष्टीनं ती माफ होत नाही.

---

जुना_काउंटर

काळा शिक्का आला तर तुपावरही बसेल, लोणच्यावरही, पापडावरही. इंदूरचे नमकीनवाले रस्त्यावर उतरतील. मी कंपन्यांची बाजू घेत नाही, पण शेव रोज खाणारा इथला माणूस शेवेवरचा काळा शिक्का आठ दिवसांत बघेनासा होईल. सिगारेटच्या पाकिटावरचं चित्र कोण बघतं?

---

एमजीएम_जुनी_बॅच

मोठी माणसं बघणार नाहीत कदाचित. मुलं बघतात. माझा नातू गाडीत पट्टा लावायला मला सांगतो. आणि नमकीनवाल्यांना घाबरून धोरण ठरवायचं तर मग बोलायलाच नको.

---

राजेंद्रनगरची_वहिनी

या वादात मी डॉक्टरांच्या बाजूनं. माझ्या मुलानं त्या प्रोटीन बारचं पाकीट स्वतः वाचलं, आणि पहिल्या तीन घटकांत दोन प्रकारचं सिरप बघून 'यापेक्षा उकडलेले चणे दे' म्हणाला. कोचला काय सांगायचं ते तोच बघेल.

तक्रारीबद्दल विचारायचं आहे. त्या मल्टिग्रेन पाकिटावर समोर सात धान्यांची चित्रं आहेत आणि मागे टक्के फक्त दोनच धान्यांचे. ताईंनी सांगितलेल्या नियमानं हे चालायला नको ना? कुठे कळवायचं?

---

आहार_विहार

चालायला नको. 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲपवर तक्रार टाका, समोरचा आणि मागचा फोटो जोडा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ सुद्धा आहे.

---

सियागंज_गल्ला

वहिनी, बॅच नंबर आणि तारीख फोटोत दिसू द्या. बिल असलं तर तेही जोडा. नुसत्या चित्राच्या फोटोवर कुणी हलत नाही, हा अनुभव आहे.

---

राजेंद्रनगरची_वहिनी

फोटोत बॅच नंबर अर्धाच आलाय. आणि बिल कुठून आणू, मी ते घेतलंच नव्हतं!

---

जुना_काउंटर

मग आता घ्यावं लागेल. अभिनंदन, शेवटी त्या रांगेनं तुम्हाला माल विकलाच.

---

भिया_छप्पनवाले

घ्या वहिनी, बिनधास्त घ्या. बिल आणि पाकीट तुमच्याकडे ठेवा, आतला ब्रेड माझ्याकडे पाठवा. मी त्याची शेव घालून चटणी सँडविच करतो. जीरावन मसाला घरचा आहे.